मामींचा गुलाबी ब्लाउजपीस

मांडवीच्या त्या आळीत एखादं काम मधेच बंद पडलं की "काय रे, विनीत झाला वाटतं?" असं विचारायची पद्धत होती. गणपतीचं मखर अर्धं राहिलं, विनीत झाला. गटार खोदून ठेवून माणसं पसार झाली, विनीत झाला. ज्या विनीत मयेकरांवरून ही पद्धत पडली ते त्याच आळीत, खिडक्यांना पडदे लावून राहत. पडदेसुद्धा तीनपैकी दोनच खिडक्यांना होते.

आता एवढं बोलायला नको होतं लोकांनी. विनीतराव पतसंस्थेत वरिष्ठ लिपिक, पन्नाशीला टेकलेले, माणूस सज्जन. पण त्यांच्या माळ्यावर चढलात तर तुम्हीही बोलाल. तिथे एक पेटी होती, जिच्यावर ते सा पासून प पर्यंत पोचले होते. ग्रह बघायची दुर्बीण होती, तिच्यातून आजवर फक्त समोरच्या सखाराम भाऊंची गच्ची दिसली होती, आणि त्यावरूनही भांडण झालं होतं. मधमाश्या पाळायच्या पेट्या होत्या. त्या उद्योगात आपलं काम पूर्ण केलं ते मधमाश्यांनीच. त्या चावून निघून गेल्या.

अशा माणसाकडे शेजारचा अजिंक्य आला. हा पुण्याच्या कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करणारा, मनगटावर तव्याएवढं घड्याळ बांधणारा मुलगा.

"काका, आम्ही शर्यतीत उतरतोय. डोंगरातून पळायचं, सायकल मारायची, खाडीत होडी वल्हवायची. टीम चौघांची लागते. हेतल पळते, रूपेश वल्हवतो, मी नकाशा बघतो. चौथा माणूस मिळत नाहीये."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. शेवटपर्यंत आमच्याबरोबर राहायचं. चौथा पोचल्याशिवाय टीम पोचली असं धरत नाहीत."

म्हणजे जगात जी एक गोष्ट विनीतरावांना कधी जमली नव्हती, नेमकी तेवढीच करायची होती. त्यांनी लगेच हो म्हटलं. सुरुवातीला हो म्हणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

टीमची कप्तान हेतल. कापडवाल्या शहांची मुलगी, चार पिढ्या रत्नागिरीत, लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करण्याचा तिचा दवाखाना होता आणि स्वभावही तसाच होता, आधी दुखवायचं आणि मग बरं वाटायला लावायचं. तिने स्पष्ट सांगितलं, "काका, रविवारी सराव. पालीहून निघायचं, डोंगरावरच्या सड्यावरून फिरून परत पालीला, दहाच्या आत, चौघांनी मिळून. कुणी मधेच बसलं तर त्याच्या जागी गौरव." हा गौरव नावाचा इसम व्यायामशाळेत जायचा. त्याने नवे बूट घेऊन त्यांचा फोटोही ग्रुपवर टाकला होता. विनीतरावांनी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

घरी नम्रताने ऐकून घेतलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, हेही अर्धवट सोडलंत तर मी माळा रिकामा करणार. पेटीसकट भंगारात."

"पेटी?" विनीतराव कळवळले.

"लोक हसतात त्याचं तुम्हाला काही वाटत नाही. मला वाटतं." एवढं बोलून तिने पोळी तव्यावर टाकली. ती चिडली असती तर परवडलं असतं. ती चिडली नव्हती, तिला वाईट वाटलं होतं, आणि ते विनीतरावांना थेट काळजात लागलं. ह्या वेळी काही झालं तरी शेवट गाठायचा, असं त्यांनी ठरवलं. हेही खरं की असं ते प्रत्येक वेळी ठरवत.

बातमी आळीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. सखाराम भाऊ म्हणाले, पळू नये, गुडघ्याच्या वाट्या जातात, त्यांच्या साडूच्या गेल्या. साडू पळत होते का, असं विचारल्यावर "नाही, पडून असायचे, पण गेल्याच ना!" असं उत्तर आलं. मासळीवाल्या गंगुबाईने पाटीतल्या कुर्ल्या दाखवून सांगितलं, "ह्यांचं सार प्या, बघा कसे पळताव!" खेकडा तिरका पळतो, ही शंका विनीतरावांनी सभ्यपणाने मनातच ठेवली.

पतसंस्थेतल्या साहेबांनी वेगळंच भूत मानगुटीवर बसवलं. "मयेकर, परवानगी काढलीत का? गावागावांतून पळणार, उद्या कुणी अडवलं तर?" विनीतराव कायद्याला भिणारे. ते एका सरकारी कचेरीत गेले. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसरं टेबल जेवायला गेलं होतं, तिसऱ्याने चष्मा पुसून सांगितलं, "पळायला परवानगी लागत नाही."

"मग तसं लिहून द्याल का?"

"परवानगी लागत नाही असा दाखला पाहिजे असेल तर अर्ज करावा लागेल. कुठून कुठे रस्ता, त्याचा नकाशा जोडा."

विनीतरावांनी नकाशा काढला. पाली, मग सडा, मग करंबवाडी, मग परत पाली. त्यांनी तो शिपायाच्या हातात दिला. शिपाई करंबवाडीचा होता. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने एवढंच सांगितलं की करंबवाडीवरून रस्ता जाणार, नकाशा आपण डोळ्यांनी पाहिला. तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही.

करंबवाडीच का, असं तुम्ही विचाराल. कारण ती विनीतरावांची सासुरवाडी. नम्रता आपल्या मामांच्या घरी वाढली, आणि काशीराममामा करंबवाडीचे. तिथल्या पायवाटा जावयाला चांगल्या ठाऊक होत्या. वाट चुकू नये म्हणून शनिवारी जाऊन झाडांना फिती बांधून ठेवायच्या, हे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं.

फिती कुठून आणायच्या? प्रत्येक मध्यमवर्गीय कपाटात हळदीकुंकवाला आणि ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांचा एक ढीग असतो. ते शिवायचे नसतात, पुढे कुणाला तरी द्यायचे असतात. नम्रता बाजारात गेलेली पाहून विनीतरावांनी त्या ढिगात हात घातला. वरच एक हिरवा होता, पण तो त्यांच्या सख्ख्या बहिणीने दिलेला, तेव्हा तो त्यांनी घडी न मोडता बाजूला ठेवला. खालचा गुलाबी, बारीक सोनेरी बुट्ट्यांचा, कुणाचा ते काही आठवेना. तो त्यांनी टराटरा फाडला.

शनिवारी सकाळी ते करंबवाडीच्या हद्दीत शिरले आणि त्यांना एकदम मोठा पेच दिसला. जावई गावात आला आणि मामांकडे न जाता गेला, हे पाप. आणि मामांकडे गेला तर आधी पाय धुवायला पाणी, मग घावणे, मग जेवण, मग "जरा पडा" आणि निघताना तांदळाची पिशवी, म्हणजे फिती पिशवीतच. विनीतरावांनी डोक्यावर टोपी ओढली, काळा चष्मा लावला, नाकातोंडावर फडकं गुंडाळलं आणि झाडाआडून झाडाआड जात फिती बांधल्या. एक बाई गवताचा भारा घेऊन समोरून आली तेव्हा ते काजूच्या झाडामागे ओणवे बसले. तिने भारा टाकला आणि गावाकडे पळत सुटली. आपण दिसलो नाही, असं समाधान मानून विनीतराव घरी आले.

रविवारी चौघं पालीहून निघाले. हवा गार, सड्यावरचं गवत सोनेरी वाळलेलं, आंब्याच्या मोहोराचा वास, आणि विनीतराव चक्क पळत होते! धापा टाकत, पण पळत होते. हेतल मागे वळून "छान काका!" म्हणाली तेव्हा त्यांना गौरवच्या बुटांची दया आली. नम्रता दहा वाजता डबा घेऊन पालीच्या नाक्यावर येणार होती. तिच्यासमोर कसं पोचायचं, हात वर करून की नुसतं हसून, ह्याचाही त्यांनी विचार सुरू केला. वाटेत सासुरवाडी येणार म्हणून फडकं मात्र नाकावर पक्कं होतं.

"फीत!" अजिंक्य ओरडला. फितीमागून ते उजवीकडे वळले. पुढची फीत गडग्यापलीकडे दिसली. विनीतरावांना आपण ती तिथे बांधल्याचं आठवेना, पण जांभ्या दगडाचा तो गडगा त्यांनी ओलांडला आणि चौघं शेळ्यांच्या गोठ्यात उतरले. गोठ्यातून बाहेर पडल्यावर फीत डावीकडे. तिथून माडांच्या मधून, एका विहिरीला वळसा घालून, वाळत घातलेल्या गोधड्यांखालून वाकून ते पुढे गेले आणि पुन्हा त्याच गोठ्यात आले. शेळ्यांनी ह्या वेळी ओळख दाखवली.

"काका, तुम्ही बांधताना शुद्धीत होतात ना?" हेतलने विचारलं.

अजिंक्यने घड्याळ पुढे केलं. त्यावर त्यांच्या मार्गाची जिलबी उमटली होती.

तेवढ्यात रूपेशला फीत दिसली. रूपेश मांडवीचा, बापजाद्यांपासून समुद्रावरचा माणूस. पाण्यात त्याला वारा कळायचा, जमिनीवर तो समोर दिसेल त्यावर विश्वास ठेवायचा. तो फितीमागे धावला. फीत पुढे गेली. तो आणखी धावला, फीत आणखी पुढे गेली.

"भाऊ, फीत चालते!" तो ओरडला.

फीत म्हशीच्या शिंगाला होती. म्हशीने वळून चार रंगीबेरंगी माणसं आपल्यामागे धावताना पाहिली आणि तीही धावायला लागली. म्हैस पुढे, टीम मागे, अशी ती मिरवणूक शेणाच्या पोवट्या तुडवत थेट करंबवाडीच्या देवळासमोर आली, आणि तिथे सगळी वाडी जमलेली होती. पुढे काशीराममामा, हातात काठी.

"सापडले!" मामा गरजले. "मोजणीवाले सापडले!"

एका क्षणात चौघांना वेढा पडला. "कुणाला इचारून फिती बांधल्यात?" "रस्ता आमच्या कलमांतनं नेताव व्हय?" हळूहळू सगळा उलगडा व्हायला लागला. रस्ता येणार अशी बातमी गावात होतीच, त्यात शनिवारी एक तोंड झाकलेला माणूस चोरासारखा फिती बांधताना दिसला. मग संध्याकाळी ज्याच्या बागेत फीत, त्याने ती सोडून चुलतभावाच्या बागेत नेऊन बांधली. चुलतभावाने ती पुतण्याच्या परड्यात ढकलली. त्या पुतण्याला, बाबल्याला, दुसरं कोणी सुचेना, म्हणून त्याने ती भावकीतल्या खंडूच्या म्हशीला बांधली, जिथे जाईल तिथे रस्ता जावो म्हणून. आणि खंडू? खंडूला रस्ता हवाच होता, मोबदल्यात मुंबईला खोली घ्यायची होती. त्याने हाती लागतील तेवढ्या फिती गोळा करून स्वतःच्या ओसरीला लावल्या होत्या. घर कसं लग्नघर दिसत होतं.

"तुमचा सायेब कोण?" मामांनी विचारलं.

तिघांनी विनीतरावांकडे बोट दाखवलं. टीम म्हणतात ती ही.

बोललं तर आवाज ओळखू येणार, म्हणून विनीतरावांनी फडक्याआडून नुसते हात हलवले. गर्दीतून कुणी म्हणालं, "सायेब मुका हाय." "मुक्यालाच धाडतात," दुसऱ्याने खुलासा केला, "म्हंजे जाब द्यायला नको."

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत मैनामामी पुढे आल्या. त्यांचं माणसांकडे लक्षच नव्हतं. त्यांनी म्हशीच्या शिंगाची फीत सोडली, उन्हात धरली, बोटांनी चोळली, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"आवो, ह्यो तर माझा ब्लाउजपीस! गौरीला नमीच्या ओटीत घातलेला. हीच बुट्टी!" मग त्यांची नजर हळूच साहेबाच्या बुटांवरून पोटावर आणि पोटावरून फडक्यावर चढली. "जावईबापू?"

विनीतरावांनी फडकं खाली केलं. म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघायला लागली.

"मामी," ते म्हणाले, "घरी सगळे बरे आहेत ना?"

"मी ओटीत घातलेलं फाडून झाडाला बांधलंत? गावात येऊन घरी न येता तोंड झाकून फिरलात? मी काय तुम्हाला घावणे घालायला कमी करते?" मामींचे डोळे भरून आले. विनीतरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खाली जांभा, तो काही फाटेना.

आणि त्यांच्या मदतीला धावून आली ती गुणवंतीकाकी, मामांच्या भावकीतली. तिने मामींच्या हातातली फीत ओढून घेतली. "थांब गो बाय. ह्यो तुझा कसला? ह्यो मी तुला चैतातल्या हळदीकुंकवाला दिलेला! मी इतक्या आवडीनं दिला आनि तू भाचीच्या ओटीत ढकललास?"

"ढकलला नाय, घातला!"

"बघू," हेतल मधे घुसली. कापडवाल्याचं रक्त, राहवलं नाही. "हा आमच्याच दुकानातला. पण हा माल आम्ही कधीचा बंद केला, काकी. तुम्ही हा विकत घेतलेला नाही. तुम्हालाही कुणीतरी दिलेला."

मामींनी गुणवंतीकाकीच्या हातून फीत परत ओढून घेतली. तमाम बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या गुलाबी कापडाने किती घरं हिंडून पाहिली होती देव जाणे, आणि शिंप्याकडे मात्र ते कधीच गेलं नव्हतं.

"ते काय नाय," मामींनी पदर खोचला. "माझी वस्तू होती, नमीला दिली. तिनं फाडायला दिलीच कशी? तिलाच विचारते. कुठं हाय ती?"

"पालीच्या नाक्यावर," विनीतराव बोलून गेले. "डबा घेऊन उभी."

मामी निघाल्याच. नऊवारी सावरत, पाखाडीच्या दगडी पायऱ्या भराभर उतरत. "मी पन येते, सोक्षमोक्ष होऊ दे!" म्हणत गुणवंतीकाकी त्यांच्या मागे.

हेतलने घड्याळ पाहिलं. "काका, दहाच्या आत पोचायचं तर आत्ता! वाट त्यांना माहीत आहे. पळा त्यांच्यामागे!" अजिंक्य सुटला, रूपेशही सुटला. पण विनीतरावांच्या पोटरीत गोळा आला होता. ते देवळाच्या पायरीवर टेकले.

मामा जवळ आले. रस्ता नाही, मोजणी नाही, नुसता जावई आहे, हे कळल्यावर त्यांचा राग कधीच उतरला होता. "ऱ्हाऊ दे जावईबापू. पाय धुवा. घावणे होतायत, खंडूची रिक्षा हाय, ती सोडंल तुम्हाला पालीला. ह्या वयात कशाला ते!"

खरं सांगायचं तर पायरी गार होती. घावण्यांचा वास येत होता. रिक्षा समोर उभी होती, तिलाही एक गुलाबी फीत लावलेली. पेटी सोडली तेव्हाही असंच झालं होतं, दुर्बिणीच्या वेळीही. कुणीतरी प्रेमाने "राहू दे" म्हणालं होतं आणि ह्यांना बरं वाटलं होतं. विनीतरावांना पोळी लाटणारी नम्रता आठवली. "मला वाटतं" म्हणाली होती ती.

ते उठले. "नको मामा. जेवायला येतो, पण आधी पळून येतो."

आणि लंगडत का होईना, ते पळाले. पाखाडी उतरले, ओढ्यावरच्या साकवावर एकदा घसरून बसले, उठले. पुढे दूर मामींचा पदर फडफडत होता. हेतल आणि दोन तरुण जीव तोडून धावत होते, तरी मामींना गाठता येत नव्हतं. भाचीला जाब विचारायला निघालेल्या बाईला कुठली शर्यत आणि कसलं काय! शेवटच्या चढावर तिघं थांबले. विनीतराव आले तसा रूपेशने त्यांचा एक हात धरला, अजिंक्यने दुसरा. "वल्हवा भाऊ, वल्हवा!" रूपेश ओरडत होता, आणि विनीतराव चढावर खरोखर हवेत हात मारत होते.

नाक्यावर नम्रता डबा घेऊन उभी होती. समोर मामी, बाजूला काकी, मामींच्या हातात ती फीत. चौघं ओळीने नाक्यावर येऊन आदळले. हेतलने घड्याळ बघून "झालं! दहाच्या आत, चौघं!" अशी आरोळी ठोकली आणि फोन काढून बोलली, "गौरव, बूट परत कर." पण विनीतरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते नम्रताकडे बघत होते, कारण खरी वेळ आता भरली होती.

"बोल गो," मामी म्हणाल्या. "तू दिलास ह्यांना फाडायला?"

नम्रताने फितीकडे पाहिलं. मग शेणामातीने भरलेल्या, लंगडणाऱ्या, नाक लाल झालेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. पोचले होते. खरंच पोचले होते.

"हो मामी, मीच दिला," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा हे काहीतरी पुरं करणार होते. म्हटलं, मामींच्या हातचंच काहीतरी असू दे बरोबर. आशीर्वाद म्हणून."

मामींनी डोळ्यांना पदर लावला. मग विनीतरावांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, "आता चला जेवायला. सगळेच." गुणवंतीकाकीसुद्धा विरघळली. तिने मामींच्या हातून सुटलेली फीत हळूच कमरेला खोवली, कुणाला कधी द्यावी लागेल सांगता येत नाही.

मागोमाग आलेल्या खंडूच्या रिक्षाच्या दोन खेपांत सगळे जेवायला गेले, जेवले, जरा पडले, आणि विनीतराव तांदळाची पिशवी घेऊन संध्याकाळी मांडवीला परतले. आळीत सखाराम भाऊंनी गच्चीवरून हाक मारली, "काय मयेकर, विनीत झाला का?" नम्रतानेच मान वर करून उत्तर दिलं, "हो, झाला! अख्खा झाला!"

विनीतराव खाटेवर पाय पसरून बसले. त्यांना भरून आलं होतं. नम्रता पोटरीला तेल चोळत होती, आणि आता आपण दोन शब्द गोड बोलावेत असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात तीच बोलली, अगदी मऊ आवाजात.

"अहो, शर्यतीच्या वेळी परत फिती लागतीलच ना? तेव्हा तो वन्संनी दिलेला हिरवा फाडा हं."